औषध पाठ आहे, पण नाडी का मोजायची ते सांगता येत नाही

वाचकाचं पत्र : पहिल्या वर्षाच्या नर्सिंग विद्यार्थ्यांचं शरीरक्रियाशास्त्र आणि प्राथमिक औषधशास्त्र हे दोन्ही विषय या वर्षी माझ्याकडे आले आहेत. लेखी परीक्षेत मुलं एकेका औषधाचे बारा-बारा दुष्परिणाम लिहितात. वॉर्डात मात्र ‘डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध द्यायच्या आधी नाडी का मोजायची?’ असं विचारलं की सगळे गप्प. मात्रेचं गणित आलं की निम्मा वर्ग पेन खाली ठेवतो. आधी पूर्ण शरीर शिकवून मग औषधांकडे वळू, की दोन्ही बरोबर नेऊ? आणि वेळ कमी असताना काय गाळू? — एक ट्यूटर

सल्ला :

दोन्ही बरोबर न्या. मूत्रपिंड शिकवून झालं की त्याच आठवड्यात मूत्रपिंडावर चालणारं एक औषध घ्या. सहा महिन्यांनी ते औषध शिकवायला जाल तेव्हा नेफ्रॉन (मूत्रपिंडातली सूक्ष्म गाळणी आणि तिची नळी) वर्गाच्या डोक्यातून गेलेला असेल, आणि मग दुष्परिणामांची यादी पाठ करण्यावाचून मुलांना गत्यंतरच उरणार नाही. गाळायचं असेल तर औषधांची संख्या गाळा. पहिल्या वर्षात पंचवीस-तीस औषधं नीट झाली तरी खूप झालं.

आता त्या बारा दुष्परिणामांचं. यादीतल्या गोष्टी दोन जातीच्या असतात, आणि पुस्तकं त्या एकाच ओळीत छापतात. एक जात म्हणजे औषधाच्या मूळ कामाचीच दुसरी बाजू. ही आठवायची नसते, काढायची असते. दुसरी जात मूळ कामाशी संबंध नसलेली : पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी, जेंटामायसिनने कानाला आणि मूत्रपिंडाला होणारी इजा. पाठ करायची ती एवढीच, आणि ती फार लांब नसते.

हे वर्गाला पटवायला अ‍ॅट्रोपिनसारखं दुसरं औषध नाही. फळ्यावर आधी औषधाचं नाव लिहूच नका. परासिंपथेटिक (शरीर विश्रांतीत असताना काम करणारे) मज्जातंतू कुठे काय करतात ते मुलांकडूनच वदवून घ्या : हृदयाची गती मंदावते, लाळ सुटते, बाहुली आकसते, आतडी हलतात, मूत्राशय आकुंचन पावतं, श्वासनलिकेत स्राव वाढतो. मग विचारा, ‘हे सगळं कोणी अडवलं तर?’ एकेक ओळ उलटी करत गेलं की नाडी वाढणं, तोंड कोरडं पडणं, बाहुली मोठी होणं, जवळचं अंधुक दिसणं, बद्धकोष्ठ, लघवी अडणं, सगळं फळ्यावर येतं. नाव शेवटी लिहा. प्रोस्टेटची तक्रार असलेल्या वयस्कर माणसाला हे औषध दिल्यावर काय विचारायचं, हेही मग सांगावं लागत नाही. लघवी झाली का, हे मुलंच म्हणतात. आपण पाठ न करता यादी लिहिली, हे पहिल्यांदा कळतं त्या तासानंतर वर्गाचा विषयाकडे बघण्याचा सूर बदलतो.

याच पद्धतीने दम्यावरच्या सालब्युटामॉलने हात का थरथरतात हेही सुटतं : ते ज्यांना चिकटून काम करतं ते श्वासनलिकेतले बीटा-२ रिसेप्टर सांगाड्याच्या स्नायूंतही असतात. थोड्या हुशार वर्गाला एक पुढचा प्रश्न टाका. प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर (बीटा रिसेप्टर अडवणारं औषध) घेणाऱ्या मधुमेहीची साखर डेसिलिटरला ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर धडधड आणि थरथर दिसेल का? दबून जाईल. घाम मात्र येतच राहतो, कारण घामाच्या ग्रंथींकडे जाणारे मज्जातंतू सिंपथेटिक असूनही अ‍ॅसिटिलकोलीन सोडतात, आणि ते बीटा ब्लॉकरला जुमानत नाही. म्हणजे अशा रुग्णाच्या कपाळाला हात लावून बघण्याला अर्थ आहे.

तुमच्या डिगॉक्सिनच्या प्रश्नाला सलग तीन तास द्या. एवढा वेळ कशाला, असं वाटेल. पण मूत्रपिंड, पेशीचं आवरण, पोटॅशियम आणि हृदय ही चारही प्रकरणं त्यात एकत्र येतात.

पहिला तास मूत्रपिंडाचा, आणि तो आकड्यांनी सुरू करा. दोन्ही मूत्रपिंडं मिळून मिनिटाला साधारण १२५ मिली द्रव गाळतात. दिवसाला किती, ते वर्गाला करू द्या : १८० लिटर. लघवी होते दीड लिटरच्या आसपास. उरलेलं कुठे गेलं, हा प्रश्न मुलांनाच पडला पाहिजे. नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक परत रक्तात जातं आणि त्यासाठी नेफ्रॉनच्या नळीच्या निरनिराळ्या भागांना सोडियम उचलावा लागतो. बहुतेक ठिकाणी पाणी सोडियमच्या मागे जातं. या नळीच्या मधल्या, हेन्लेच्या वळणाचा जाड चढता भाग गाळलेल्या सोडियमपैकी साधारण चौथा हिस्सा उचलतो. फ्युरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध नेमकं तिथलं दार बंद करतं. १८० लिटरांचा चौथा हिस्सा डोळ्यांसमोर आला की हे औषध इतकं जोरकस का, ते वेगळं सांगावं लागत नाही. इथे एक चूक हमखास होते : चढता भाग पाणी शोषतो असं मुलं लिहितात. तो क्षार उचलतो, पाणी जाऊ देत नाही. पहिल्याच दिवशी दुरुस्त करा, नाहीतर ती शेवटच्या वर्षापर्यंत सोबत येते.

मग पुढची पायरी. वर न उचललेला सोडियम पुढच्या नळीत लोटला जातो. तिथे थोडा सोडियम परत घेतला जातो आणि त्या बदल्यात पोटॅशियम लघवीत जातो. जितका सोडियम जास्त पोचला, तितका पोटॅशियम गेला. ‘फ्युरोसेमाइड : हायपोकॅलेमिया’ (रक्तातला पोटॅशियम कमी होणं) ही यादीतली कोरडी ओळ होती, आता तिला कारण मिळालं. नर्ससाठी याच तासात तीन गोष्टी सांगून टाका. तोंडाने दिलेल्या गोळीचा परिणाम तासाभरात सुरू होऊन साधारण सहा तास राहतो, म्हणून ती सकाळी. रात्री दिली तर अशक्त माणूस अंधारात शौचालयाकडे जाताना पडेल. शिरेतून द्यायचं तर सावकाश, मोठ्या मात्रेला मिनिटाला ४ मिलिग्रॅमपेक्षा वेगाने नाही, कारण घाईने कानाला इजा होते. आणि रोज सकाळी लघवी करून झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर, साधारण तेवढ्याच कपड्यांत वजन. एका दिवसात उतरलेलं एक किलो म्हणजे जवळजवळ एक लिटर पाणी. इनटेक-आउटपुटच्या कागदापेक्षा वजनकाटा कमी खोटं बोलतो.

दुसरा तास पोटॅशियमचा. शरीरातला जवळपास ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतो, रक्तात ३.५ ते ५ मिलिमोल प्रति लिटर, बस्स. विश्रांतीत पेशीच्या आवरणावरचा विद्युतदाब या आत-बाहेरच्या फरकावर उभा असतो, म्हणून बाहेरचा आकडा जरा हलला तरी हृदयाचा ताल हलतो. ‘पोटॅशियम क्लोराइड शिरेतून थेट कधीही ढकलायचं नाही’ हा नियम सगळ्यांना पाठ असतो. त्यामागचा हिशेब वर्गात मांडा. प्लाझ्मा साधारण ३ लिटर, त्यात लिटरला ४ मिलिमोल, म्हणजे एकूण १२. आणि १५ टक्क्यांच्या १० मिलीच्या एका अँप्युलमध्ये किती? २०. अख्ख्या प्लाझ्मात जेवढा पोटॅशियम आहे त्याहून जास्त त्या बोटभर काचेत आहे. हा हिशेब स्वतः करून बघितलेला विद्यार्थी ते अँप्युल हातात घेताना लेबल पुन्हा वाचतो.

त्यालाच जोडून बाटलीत मिसळण्याची रीत दाखवा. टांगलेल्या सलाइनमध्ये पोटॅशियम सोडलं आणि तसंच राहू दिलं, तर जड द्राव खाली, नळीच्या तोंडाशी साचतो आणि रुग्णाला पहिला घोट तोच जातो. बाटली खाली उतरवायची, औषध घालायचं, चांगली अनेकदा उलटीपालटी करायची, लेबल लावायचं, मग टांगायची. रंगीत घट्ट साखरपाणी साध्या पाण्याच्या बाटलीत बुडाशी सोडून दाखवलं की थर डोळ्यांनी दिसतो. हाताच्या शिरेतून नेहमीची मर्यादा ताशी १० मिलिमोलची. त्याहून जास्त वेग मॉनिटर लावल्याशिवाय नाही.

तिसऱ्या तासाला डिगॉक्सिन. पेशीच्या आवरणावरचा पंप ३ सोडियम बाहेर टाकतो आणि २ पोटॅशियम आत घेतो. डिगॉक्सिन हा पंप अडवतं. आत सोडियम साचतो, त्यामुळे कॅल्शियम बाहेर जाणं कमी होतं, आणि आकुंचन जोरात होतं. आता कळीची गोष्ट : बाहेरचा पोटॅशियम पंपावर डिगॉक्सिनशी स्पर्धा करतो. तो कमी पडला की डिगॉक्सिनला मोकळं रान मिळतं. रक्तातली मात्रा तीच, गोळी तीच, पण विषबाधा. फ्युरोसेमाइडने पोटॅशियम नेला आणि डिगॉक्सिनचं फावलं, हा धागा इथे गाठीला बसतो.

याच ठिकाणी कोणीतरी विचारेल, आणि कोणी विचारलं नाही तर तुम्ही विचारा : औषध हृदयाला जोर देतं, मग नाडी कमी का होते? कारण ते वेगस या परासिंपथेटिक मज्जातंतूचाही परिणाम वाढवतं आणि हृदयाच्या वरच्या कप्प्याकडून (कर्णिका) खालच्या कप्प्याकडे (जवनिका) जाणारा संदेश वाटेत मंदावतो. नाडी हे त्या मंदावण्याचं बाहेरून दिसणारं माप आहे. म्हणून छातीवर, हृदयाच्या टोकाशी स्टेथोस्कोप ठेवून, पूर्ण ६० सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर अनियमित तालात आकडा कुठच्या कुठे जातो, आणि मनगटाशी मोजलं तर कमकुवत ठोके पोचतच नाहीत. मोठ्या माणसात ६० च्या खाली असेल तर गोळी थांबवून कळवायचं. लहान मुलांची मर्यादा वेगळी आणि वरची असते. ‘६०’ सरसकट पाठ करू देऊ नका.

हाफ-लाइफ म्हणजे अर्धायुष्य हा असाच एक विषय, व्याख्येने न कळणारा. पाण्याचा एक जग घ्या, त्यात २०० मिली पाणी, शाईचे १० थेंब. अर्धं पाणी काढून फेका, तेवढंच साधं पाणी घाला. पाच थेंबांइतकी शाई उरली. पुन्हा करा, अडीच. पाच फेऱ्यांनंतर मूळच्या सुमारे ३ टक्के उरते. ‘औषध बंद केल्यावर पाच अर्धायुष्यं’ हा नियम तिथून येतो. डोळा छटेला फसतो, म्हणून पहिल्या पाण्याचा एक ग्लास बाजूला ठेवा आणि प्रत्येक फेरीचं थोडं पाणी ओळीने मांडा.

आता उलट. प्रत्येक फेरीत अर्धं पाणी बदला आणि पुन्हा १० थेंब टाका. मात्रा दिल्यादिल्याचा आकडा १० वरून १५, १७.५, १८.७५ असा चढत २० पाशी स्थिरावतो. रोज तीच गोळी घेऊनही परिणाम काही दिवसांनी का दिसतो, ते दिसलं. पहिल्यांदाच २० थेंब टाकले तर? ही झाली लोडिंग डोस. शेवटी मूत्रपिंड बिघडवा : दर फेरीला अर्ध्याऐवजी पावच, म्हणजे ५० मिलीच पाणी बदला, थेंब मात्र तेवढेच. आकडा २० वर थांबत नाही, ४० कडे जातो. डिगॉक्सिनचं अर्धायुष्य मूत्रपिंडं ठीक असताना सुमारे ३६ तास असतं. क्रिएटिनिन (मूत्रपिंड मंदावलं की रक्तात साचणारा घटक) वाढलेल्या माणसात तीच गोळी कशी साचते, हे त्या जगातल्या निळ्या पाण्याकडे बोट दाखवून सांगता येतं. मॉर्फिन आणि त्याचा उतारा नॅलॉक्सोन यांची जोडीही इथेच घ्या. नॅलॉक्सोनचा परिणाम तास-दीड तासात ओसरतो, मॉर्फिनचा त्याहून बराच जास्त टिकतो. म्हणून रुग्ण शुद्धीवर आला, श्वास सुधारला, की पाठ फिरवायची नाही. श्वास पुन्हा मंदावू शकतो.

गणिताबद्दल तुम्ही ‘निम्मा वर्ग’ लिहिलंय. अडचण बहुतेकदा गुणाकार-भागाकाराची नसते, एककांची असते. सूत्र एकच आहे : सांगितलेली मात्रा भागिले हाताशी असलेली मात्रा, गुणिले ती जितक्या मिलीत आहे ते. जेंटामायसिन ६० मिलिग्रॅम द्यायचं, वायलमध्ये २ मिलीत ८० मिलिग्रॅम, उत्तर १.५ मिली. हे सगळ्यांना जमतं. डिगॉक्सिन १२५ मायक्रोग्रॅम सांगितलं आणि गोळीवर ०.२५ मिलिग्रॅम छापलंय, इथे पेन खाली ठेवलं जातं. म्हणून सूत्राआधी दोन सवयी लावा. पहिली, दोन्ही मात्रा एकाच एककात लिहिल्याशिवाय भागाकाराची रेघ मारायची नाही. ०.२५ मिलिग्रॅम म्हणजे २५० मायक्रोग्रॅम. मग अर्धी गोळी नुसत्या नजरेने दिसते. दुसरी, आकडेमोडीआधी अंदाज बोलून दाखवायचा : एका वायलपेक्षा कमी लागेल की जास्त? उत्तर पाच गोळ्या किंवा तीन वायल आलं तर ते बरोबर असण्यापेक्षा दशांशचिन्ह सरकलं असण्याची शक्यता जास्त.

दशांशाचे लिहायचे नियम त्याच दिवशी : ०.५ लिहायचं, नुसतं .५ नाही, कारण टिंब पुसट झालं की ५ होतात. १ लिहायचं, १.० नाही, ते १० वाचलं जातं. मायक्रोग्रॅम आणि युनिट पूर्ण शब्दात.

टक्के आणि गुणोत्तरं शिकवायला एकच वाक्य पुरतं : १ टक्का म्हणजे १०० मिलीत १ ग्रॅम, म्हणजे मिलीला १० मिलिग्रॅम. २ टक्के लिग्नोकेनमध्ये मिलीला २० मिलिग्रॅम, ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलीत २५ ग्रॅम. अ‍ॅड्रेनॅलिन १ : १००० म्हणजे मिलीला १ मिलिग्रॅम, आणि १ : १०,००० म्हणजे ०.१. मोठा आकडा दिसला की औषध कडक, असं मुलांना वाटतं; इथे उलट आहे, आणि या एका गैरसमजाने दहापट चूक होते.

इन्सुलिन कागदावर शिकवू नका. जिथे यू-४० (मिलीला ४० युनिट) आणि यू-१०० (मिलीला १०० युनिट) दोन्ही वापरात आहेत तिथे दोन्ही सिरिंज वर्गात आणा, पाणी भरायला लावा. २० युनिट सांगितलेत, वायल यू-१०० ची, सिरिंज चुकून यू-४० ची. २० च्या खुणेपर्यंत भरलं तर पाणी अर्धा मिली आहे, आणि अर्धा मिली यू-१०० म्हणजे ५० युनिट. अडीचपट. उलट अदलाबदलीत फक्त ८ युनिट जातात. दोन्ही सिरिंज शेजारी धरल्या की खुणांमधला फरक हाताला कळतो.

ठिबकाचा वेग शिकवताना सेटच्या पाकिटावरचा आकडा आधी वाचायला लावा. ५०० मिली ४ तासांत म्हणजे ताशी १२५ मिली. मिलीला २० थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला ४२ थेंब. मायक्रोड्रिपला मिलीचे ६० थेंब, त्यामुळे ताशी मिली हाच मिनिटाचा थेंब, १२५. रोज तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं, तीन गणितं, वर्षभर. चाचणी दहापैकी दहाची ठेवा. नऊ आले तर तो पेपर पुन्हा द्यायचा. हे कठोर वाटेल, पण चुकलेलं ते एक गणितही कोणाच्या तरी शिरेत जाणार असतं.

नावांवर वेळ घालवू नका. मूळ नाव शिकवा, ब्रँडचं नाही. -ओलॉल, -प्रिल, -सार्टान, -प्राझोल या शेपट्या ओळखता आल्या की गट कळतो. ब्रँडबद्दल एकच इशारा हवा : पॅरासिटामॉल सर्दीच्या, तापाच्या, अंगदुखीच्या वेगवेगळ्या नावांत दडलेलं असतं आणि मोठ्या माणसाची दिवसाची ४ ग्रॅमची मर्यादा नकळत ओलांडली जाते.

आणि परीक्षा बदलल्याशिवाय यातलं काही टिकणार नाही. ‘फ्युरोसेमाइडचे दुष्परिणाम लिहा’ असं विचारलं की मुलं यादीच पाठ करणार, त्यांचा दोष नाही. त्याऐवजी हा १० गुणांचा प्रश्न घालून बघा :

एका वयस्कर बाईंना डिगॉक्सिन आणि फ्युरोसेमाइड सुरू आहे. तीन दिवस भूक नाही, आज दोनदा उलटी झाली, दिव्याभोवती पिवळसर कडं दिसतं म्हणतात. वजन चार दिवसांत ३ किलो उतरलंय. सकाळचा पोटॅशियम २.९, क्रिएटिनिन वाढलेलं. छातीवर पूर्ण मिनिट मोजलेले ठोके ६४, अनियमित. डिगॉक्सिनची गोळी ट्रेमध्ये तयार आहे. काय कराल, आणि का?

गोळी थांबवण्याला २ गुण. डॉक्टरांना कळवताना नेमके कोणते आकडे सांगणार याला ३, पोटॅशियम आणि पंपाच्या कारणाला ३, वजन व क्रिएटिनिनचा अर्थ लावण्याला २. पहिल्यांदा हा प्रश्न घातलात की निम्म्या उत्तरपत्रिकांत ‘नाडी ६० च्या वर आहे म्हणून गोळी देईन’ असं येईल. त्यांना नियम पाठ झालाय, पण ६० ही अनेक खुणांपैकी एकच खूण आहे आणि उलटी, पिवळं कडं, अनियमित ताल याही त्याच औषधाच्या विषबाधेच्या खुणा आहेत, हे उमगलेलं नाही. त्या उत्तरपत्रिका परत देण्याआधी तिसरा तास पुन्हा घ्या, पंपाच्या आकृतीपासून.